एक बटण, अठ्ठेचाळीस चादरी

"अक्कलकोटहून अठ्ठेचाळीस चादरींची ऑर्डर आली गं!" शेजारच्या काकूंनी दारातूनच ओरडून सांगितलं, तेव्हा मी उडालेच. त्यांच्या चादरींचं वेबपेज आठवड्यापूर्वी मीच बनवून दिलं होतं, आणि गल्लीभर मिरवतही होते. काका तर हरखून गेले होते. घरातला एकुलता एक माग ते दुसऱ्या दिवशी भंगारात देणार होते. त्यांनी लगेच भंगारवाल्याला फोन करून साफ नाही म्हणून सांगितलं.

मला मात्र ते पचेना. यादी बघितली, तर सगळ्या ऑर्डरी एकाच बाईच्या, एकाच मिनिटाला! काकूंकडून नंबर घेतला आणि त्या बाईंना फोन लावला.

"अवो, मी एकदाच दाबलं की! एकच पायजे, मोरपंखी. रंग तेवढे सगळे बघितले. आमी दोगी जावा बसलो होतो, परत परत बघितलं. न बघता कुटं चादर घेत्यात व्हय?"

 कोड उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. ऑर्डरच्या बटणावर क्लिक झालं की काय करायचं, ती ओळ मी रंग बदलणाऱ्या फंक्शनच्या पोटात लिहिली होती. म्हणजे रंग बदलला की त्याच बटणावर आणखी एक लिसनर, म्हणजे क्लिकची वाट बघत बसणारा पहारेकरी, चढायचा. शेवटी बटण एकदाच दाबलं, आणि अठ्ठेचाळीस पहारेकऱ्यांनी आपापल्या रंगाची ऑर्डर पाठवून दिली. तपासताना मी एक रंग निवडला, एक ऑर्डर आली, झालं काम! अगं बाई, सोलापुरात जन्म काढलास ना? आपली आईच दुकानातल्या सगळ्या घड्या उलगडायला लावायची आणि पहिलीच चादर घेऊन यायची. तुला एवढं सुचू नये?

ती ओळ फंक्शनच्या बाहेर काढायला अर्धं मिनिट लागलं. काकांकडे जायला मात्र तासभर पाय उचलेना.

ते रंगारंगाचं सूत मांडून बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काका, ऑर्डर एकाच चादरीची आहे. चूक माझी झाली." काकू मटकन खालीच बसल्या. मला वाटलं, काका शिव्या घालतील. घालायलाच हव्या होत्या.

त्यांनी स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "आता त्या भंगारवाल्याला तूच सांग, पोरी, माग घेऊन जा म्हणून. माझ्या तोंडातून ते दुसऱ्यांदा न्हाय निघायचं."