नवव्या प्रकरणाचा रविवार

चूक माझीच. मल्लेश्वरमच्या आमच्या मराठी मंडळाचा मी, श्रीधरराव, बावीस वर्षं सेक्रेटरी आहे, अक्कल मात्र अजून यायचीय. रविवारच्या वाचनवर्गासाठी अनाथ मुलीची ती कादंबरी मीच निवडली. का, तर कपाटात पंधरा प्रती पडून होत्या! तीन प्रकरणं चाळली, बरी वाटली, दिली कल्पनाच्या हातात.

वर्ग कल्पना घेते. बँकेतली नोकरी, नवरा, मुलगा, सगळं सांभाळून एकही रविवार चुकवत नाही. लोक म्हणतात, केवढी ही भाषेची आवड! आवड कसली डोंबलाची! ती येते अमृतासाठी. अमृता कल्पनाचीच मुलगी. अकरा वर्षांपूर्वी ती दीड महिन्याची असताना कल्पनाच्या मूल नसलेल्या थोरल्या जावेला, सुशीलाबाईंना, दत्तक दिली गेली. आमच्यात घरातल्या घरात देतात असं. सासऱ्यांनी ठरवलं, चार वडीलधाऱ्यांना बसवलं, आणि पोरीला लग्नापर्यंत काही कळू द्यायचं नाही असा शब्द झाला. त्या चौघांत मीही होतो. कल्पनाला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे थोरले शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरला राहायला गेले, जाणंयेणं तुटलं. उरला हा रविवारचा दीड तास. अमृता तिला चिक्कम्मा म्हणते, आमच्याकडे काकूला तसंच म्हणतात. सुशीलाबाई पोरीला सोडून परत जात नाहीत, मागच्या बाकावर अवरेच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसतात. तोंडातून एक शब्द वावगा गेला की हा दीड तासही बंद, हे कल्पना पक्कं ओळखून आहे.

त्या रविवारी नववं प्रकरण आलं. मुलं पाळीपाळीने वाचत होती, अडखळत, मध्येच कन्नडमध्ये खुसफुसत. आणि काय निघावं? कादंबरीतली ती रेवा अनाथ नव्हतीच! आई जिवंत होती, दोन गावं सोडून राहत होती. मी काय करून ठेवलंय ते मला दारात उभ्या उभ्या कळलं.

प्रकरणाखाली चर्चेसाठी प्रश्न छापला होता: रेवाच्या आईला तिची आठवण येत असेल का?

"हा राहू दे," कल्पना घाईने म्हणाली. "वेळ स्वल्पच उरलाय."

"नको ना चिक्कम्मा, हाच घेऊया," अमृता म्हणाली.

"येत नसणार," प्रणीत नावाचा एक शहाणा बोलला. "येत असती तर भेटायला नसती गेली?"

"आणि तिला कुणी जाऊच दिलं नसेल तर?" अमृता त्याच्यावर उखडली. मग कल्पनाकडे वळली. "तू सांग ना, येत असेल?"

मागे शेंगा सोलणं थांबलं. सुशीलाबाई एकटक बघत होत्या. वाईट नाही हो ती बाई, घाबरलेली आहे. कल्पनाने माझ्याकडे पाहिलं. अरे, चहा आला म्हणायचं, हॉल रिकामा करायचाय म्हणायचं, काहीही म्हणायचं! मी आपलं मनगटावरचं घड्याळ बघितलं. लाज वाटते सांगायला.

"नसेल येत," कल्पना म्हणाली.

"अजिबात?"

"अजिबात."

उत्तर पूर्ण वाक्यात लिहायचं आणि बाईंकडून तपासून घ्यायचं, हा वर्गाचा नियमही माझाच. अमृता तोंड पाडून लिहायला बसली आणि थोड्या वेळाने वही घेऊन कल्पनाकडे गेली. मी पुढे होऊन कल्पनाच्या खांद्यावरून वाचलं: 'रेवाच्या आईला रेवाची आठवण अजिबात येत नव्हती.'

"बरोबर आहे?"

कल्पनाने लाल पेनाने बरोबरची खूण केली. खाली सही केली, तारीख घातली. वही परत देताना तिने पोरीकडे पाहिलंसुद्धा नाही, ती मागच्या बाकाकडे बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी आणाल ना हिला?"