जंगलाचा कप

नर्स म्हणून तीस वर्षं नोकरी केली, पण किस्से सांगायला बसले की ओठांवर येतात ते गेल्या दोन वर्षांतलेच. रिटायर झाल्यावर मी फॉरेस्ट थेरपीची गाईड झाले ना! शहरातली थकलेली माणसं वैशाखरे गावाजवळच्या रानात आणायची, हळूहळू चालवायची, शांत बसवायची. सोबतीला वाडीवरची जनी. रान तिला पाठ, माझ्याकडे नुसतं सर्टिफिकेट!

कोर्सचं ऐकून ती म्हणाली होती, "सिस्टर, झाडाखाली बसायला पन शिकायला लागतं?"

*

पहिल्याच ग्रुपला मी म्हटलं, "बूट काढा, पायांना माती लागू द्या." सगळ्यांनी काढले, पण जनी जागची हलेना. जन्मभर अनवाणी हिंडलेली बाई त्या दिवशी नव्या चपला घालून आली होती.

"पावने येनार म्हनून घातल्या, आनि तुमी काढा म्हनता!"

"तू घाल गं बाई!" मी म्हटलं.

*

बसलेल्या माणसाशी बोलायचं नाही, हा नियम. ठाण्याचे एक साहेब, बायको गेलेली, झाडाखाली बसून डोळे पुसत होते. मी लांब उभी राहून नियम पाळत होते. जनी सरळ त्यांच्यापाशी गेली!

"काय झालं रे बाबा? जेवलास का?"

मी अशी चिडले! पण साहेब हमसून हमसून रडले, आणि मग तिच्या फडक्यातली अर्धी भाकरी खाल्ली. निघताना म्हणाले, "वर्षभरात हे मला कुणी विचारलंच नव्हतं." आता मी कुठल्या तोंडाने तिला ओरडणार?

*

शेवटी सगळे गोल बसतात आणि एक दगड फिरतो. ज्याच्या हातात दगड, त्याने मनातलं बोलायचं. जनीकडे आला की ती पुढे सरकवायची. "माजं काय नाय."

होतं. तिची लेक मंगी, बारा वर्षांची, ओढ्यापलीकडे मोहाची फुलं वेचताना साप चावून गेली. आमच्या आरोग्य केंद्रात आणली तेव्हा उशीर झाला होता. ड्युटीवर मीच होते. तेव्हापासून जनीने ओढा ओलांडला नव्हता. मोह पलीकडे, चांगलं सरपणही पलीकडे. ती अलीकडच्या काटक्यांवर भागवायची. मी परक्यांना बरं करायला निघालेली, आणि हिच्यासाठी मला काही करता येत नव्हतं. फार लागायचं ते मनाला.

*

निरोपाला गवती चहा, बिनसाखरेचा. पहिला कप जंगलाचा, तो मातीवर ओतायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा जनी भडकलीच. "बिनसाखरेचा चा आमी पावन्याला देत नाय, नि रानाला देता? लाज नाय वाटत?" सगळे हसले. मीही हसले.

*

गेल्या उन्हाळ्यात, मोह गळत होता तेव्हा, दगड तिच्याकडे आला. तिने तो पुढे दिला नाही. नुसता मुठीत धरून बसली.

मी चहा ओतला. तिने जंगलाचा कप उचलला, पदराची गाठ सोडली, त्यातली साखर कपात टाकली आणि काडीने ढवळली.

"कुठे गं?" मी विचारलं.

ती ओढ्यात उतरलीसुद्धा. पाणी नव्हतं, नुसते धोंडे. कप दोन्ही हातांनी सांभाळत पलीकडे चढली, मोहाखाली वाकली आणि चहा ओतला.

मग तिने मागे वळून हाक मारली, "सिस्टर, आनिक एक कप घेऊन या. साखर हाय माज्याकडं. मंगीला एकात भागत नाय."