नेलिदाची तोंडी परीक्षा

नेलिदा अबोल. मोठी माणसं बसलेली असली की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कोचाबांबाच्या खोऱ्यातल्या तिच्या गावात याला चांगलं वळण म्हणायचे. पण इंजिनियरिंग शिकायला शेजारच्या देशात, अर्जेंटिनातल्या कॉर्दोबाला गेली आणि पंचाईत झाली. तिथे परीक्षा तोंडी! समोर तीन प्राध्यापक, डब्यातून एक लाकडी गोळी काढायची, तिच्यावर ज्या धड्याचा नंबर असेल त्यावर बोलत सुटायचं. पहिल्या खेपेला बाईसाहेब गप्प उभ्या. येत होतं हो सगळं! पण आधी मोठ्यांनी विचारावं, मग आपण बोलावं, हे अंगात मुरलेलं. नापास.

तिच्या खोलीत राहणारी रामोना पराग्वेची. बटाटे सोलता सोलता म्हणाली, "तू गप्प बसलीस की त्यांना वाटतं, हिला ओ की ठो येत नाही. चल, मला शिकव."

मग रोज बटाटे आणि धडा. रामोना मध्येच तोंड घालायची, फाटे फोडायची. अडलं की म्हणायची, "येत नाही तर येत नाही म्हण ना! पण तिथे थांबू नकोस. कसं शोधशील ते सांग." पोरीची जीभ सुटली. शेवटची परीक्षा पास झाली त्या दिवशी, तिथल्या रीतीप्रमाणे, मित्रमैत्रिणींनी अंडी आणि पीठ फेकून तिला पुरती माखवली.

नेलिदा गावी परतली. गावच्या पाणी-मंडळाला कालव्यासाठी इंजिनियर हवा होता. तिला ठेवायचं की नाही, ते गावची सभा ठरवणार. सभा नाही म्हणाली तर कामासाठी पुन्हा कॉर्दोबा, आणि आई इथे एकटी.

सभेत नेलिदा उठली ती तडातडा बोलायलाच लागली. कोकाच्या पानांची पिशवी अजून फिरायची होती! पानं तोंडात गेल्याशिवाय इथे कामाचं कुणी बोलत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माणसं माना खाली घालून बसली. मंडळाचे अध्यक्ष सेनोनकाका म्हणाले, "झालं तुझं? मग आम्ही पानं घेतो." कुणीतरी फिसकन हसलं. आईने टोपी डोळ्यांवर ओढली.

नेलिदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती खाली बसली. पिशवी आली, तशी दोन्ही हातांनी पानं घेतली आणि चघळत राहिली. कुणी विचारीपर्यंत तोंड उघडलं नाही.

बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं, "वरच्या अंगाला दर पावसाळ्यात कालवा फुटतो. का गं?"

"माहीत नाही, काका."

सभेत कुजबुज झाली. नेलिदा थांबली नाही. "आधी तिथली माती बघेन. पाणी डोंगराकडून शिरतं की कालव्यातूनच झिरपतं, ते बघेन. तुम्ही उद्या मला तिथे न्या. पहिल्यांदा कुठे फुटला, ते तुम्ही पाहिलंय."

काकांनी सभेकडे पाहिलं. "याआधीचे दोघे इंजिनियर इथेच बसून कारण सांगून गेले. कालवा काही ऐकेना." मग म्हणाले, "पहाटे ये. टोपी घालून ये, ऊन असतं. हं, कोण कोण हिच्या बाजूने?"

आईने टोपी वर सारली आणि सगळ्यांच्या आधी हात वर केला.