शेंदराखालचा दगड

नववीच्या वर्गात दर वर्षी मी फळ्यावर एक तक्ता काढते. वर पाच साम्राज्यं: रोमन, मंगोल, मोगल, मराठे, ब्रिटिश. डावीकडे चार प्रश्न: केवढं पसरलं, सैन्य किती, किती काळ टिकलं आणि मागे काय उरलं. पहिल्या तीन प्रश्नांवर मुलं भांडतात. मंगोलांच्या बाजूने बोलणारी दोन-तीन टाळकी प्रत्येक तुकडीत निघतातच. शेवटच्या रकान्यात मात्र घोकलेली उत्तरं येतात. ब्रिटिशांच्या खाली रेल्वे, इंग्रजी, चहा, क्रिकेट. ब्रह्मदेशच्या राजाला आणून ठेवलं तो राजवाडा आमच्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, म्हणून एखादं हुशार पोर तोही लिहितं. बावीस वर्षं मी या उत्तरांना पैकीच्या पैकी गुण दिले. आता लाज वाटते.

गेल्या फाल्गुनात आईला मोजणीची नोटीस आली. आई गावी एकटी राहते, रत्नागिरीपासून तासाभराच्या वाटेवर. वडील जाऊन आठ वर्षं झाली. घराभोवती आंब्याची कलमं, खालच्या अंगाला विहीर. कातळ फोडून वडिलांनी ती खणली तेव्हा मी तिसरीत होते. वैशाखात आख्ख्या वाडीच्या विहिरी तळ दाखवतात, आमची नाही. आईने त्या पाण्यावर कलमं जगवली, मला वाढवलं, वडिलांचं आजारपण काढलं. "माझ्याकडे शहरात ये," असं मी शंभर वेळा म्हटलं असेन. तिचं उत्तर ठरलेलं: "तुमच्या नळाचं पाणी मला बाधतं गो."

मोजणी मागवली होती चुलतभावाने. तो मुंबईत असतो. आमच्या खालची जमीन त्याची, आणि तिथे कोणाला तरी हॉटेल बांधायचं होतं. मी फोन केला तर म्हणाला, "ताई, नुसती हद्द कायम करून घेतोय. तुमचं तुमच्याकडे, आमचं आमच्याकडे."

हद्द सगळ्यांना ठाऊक होती. विहिरीच्याही खाली एक पऱ्या वाहायचा, पावसाळ्यापुरता ओढा. त्याच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. त्या पऱ्याच्या काठावर एक काळा दगड उभा होता. आमच्याकडे सगळा तांबडा कातळ, त्यात कमरेएवढा काळा दगड एकटाच उभा. तो गोऱ्या साहेबाच्या माणसांनी सर्व्हेच्या वेळी साखळीने जमीन मोजून पुरला होता. पण माझ्या पणजोबांना ते कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी त्याला शेंदूर लावला. जागेचा राखणदार म्हणून आंब्याला मोहोर यायच्या आधी त्याला नारळ आणि दहीभात ठेवायची रीत पडली. आम्ही आणि चुलत घर, दोन्ही घरांनी मिळून.

मी पंधरा वर्षांची असताना आजोबा नैवेद्याचं ताट घेऊन उतरताना घसरले आणि मांडीचं हाड मोडून बसले. वडील म्हणाले, देव जरा घराजवळ आणू. तसाच उचलला नाही. देवळात गुरवाकडून रीतसर कौल लावला. देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, उजवीकडची कळी आधी पडली की देवाचा होकार. उजवी पडली. मग दोन्ही घरच्या पुरुषांनी दोर आणि वासा लावून दगड वर आणला, विहीर ओलांडून, फणसाखाली. आईने नारळ फोडून सगळ्यांना वाटला. चुलतभाऊ तेव्हा नऊ वर्षांचा होता. हद्दीचा दगड हलवला असं त्या दिवशी एकाच्याही मनात आलं नाही. हद्द म्हणजे पऱ्या, आणि हा तर देव.

नोटीस हातात घेऊन मी कातळावर उभी राहिले आणि खाली बघितलं. पऱ्या उरलाच नव्हता. काकांनी, म्हणजे चुलतभावाच्या वडिलांनी, खाली चिऱ्यांची खाण काढली होती, तिच्या मातीने तो कधीच बुजला. खाणीबरोबर त्या बाजूचे सर्व्हेचे बाकीचे दगडही गेले. खालच्या अंगाला एकच जुना दगड शिल्लक होता, तो फणसाखाली. तिथून रेघ मारली तर विहीर पलीकडे जाते. हे कळायला इतिहासाची पदवी लागत नाही.

मी पंधरा दिवस वेड्यासारखी फिरले. कचेरीत जुन्या नकाशाची नक्कल काढली. त्यात दगडाची खूण होती, पऱ्याची नव्हती. दगड उचलणाऱ्या माणसांपैकी एकही हयात नव्हता. शेवटी गुरवाच्या घरी गेले. म्हातारा आता अंथरुणाला खिळलेला. त्याला मात्र सगळं लख्ख आठवत होतं, अगदी कळी कुठली होती तेही.

"उजवा कौल दिलान, बाय. मीच तर होतो."

"मग कागदावर लिहून द्या ना काका. अंगठा द्या."

त्याने हात पांघरुणात ओढून घेतला. "देवाच्या कौलाला कागद केलेला कुणी बघितलान? आणि उद्या म्हणतील, दगड हलवायला तूच सांगितलास. गुन्हा आहे म्हणे तो. नको बाय. माझी पोरं आहेत."

मी त्याच्या उशाशी बसून रडले. बावन्न वर्षांची बाई, शाळेत पोरं जिच्या नुसत्या चाहुलीने गप्प होतात, ती मी हुंदके देऊन रडले. त्याने हात जोडले, पण अंगठा दिला नाही.

मोजणीच्या आदल्या दिवशी भर दुपारी, आई जेवून लवंडलेली बघून, मी पहार घेतली आणि फणसाखाली गेले. दगड होता तिथे परत नेऊन पुरायचा, बस. खोटं काहीच नव्हतं त्यात. मी पहार खाली घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. दगड तसूभर हलला नाही. हाताची साल गेली. मी त्याला शिव्या दिल्या, चक्क शिव्या. साहेबाला दिल्या, वडिलांना दिल्या.

मागे आई उभी होती.

"अगो, पहार टाक ती," ती म्हणाली. "ह्यांनी विचारून हलवलानी. तू विचारल्याशिवाय हलवत्येस होय?"

"विहीर जाईल, आई! समजतंय का तुला?"

"समजतं. मी सांगेन ना त्या मोजणीवाल्याला, कुठे होता तो. मी काय खोटं बोलत्ये?"

तिला वाटत होतं, खरं सांगितलं की झालं. 

दुसऱ्या दिवशी मोजणीवाले आले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत यंत्र लावलं, नकाशा उलगडला आणि विचारलं, "खालचा दगड कुठे?" आईनेच त्याला फणसाखाली नेलं. त्याने खिशातून किल्ली काढून शेंदूर खरवडला. थरावर थर निघाले, आणि खाली कोरलेला सर्व्हेचा बाण दिसला. तो खूश झाला. "एवढा जुना दगड शाबूत! नशीबवान आहात."

आईने सगळं सांगितलं, पाटावर बसल्यासारखी स्वस्थ उभी राहून. आजोबांची मांडी, कौल, वासा, दोर. त्याने ऐकून घेतलं.

"आजी, लेखी काही?"

मी मध्ये पडले. "क्षेत्र मोजा ना! या दगडाने आमचं क्षेत्र कमी भरेल."

त्याने मोजलं. कमीच भरलं. "तक्रार करता येईल, मॅडम. पण पुरावा जोडावा लागेल. दुसऱ्या पक्षाला मान्य असेल तर गोष्ट वेगळी."

आम्ही सगळे चुलतभावाकडे वळलो. तो गॉगल हातात फिरवत होता. मी त्याला म्हटलं, आणि माझा आवाज भिकाऱ्यासारखा झाला होता, "अरे, तू होतास तिथे. दोर धरायला तुलाही हवा होता, काका ओरडले होते तुला. सांग ना रे."

"मी लहान होतो, ताई," तो म्हणाला. "मला काहीच आठवत नाही."

झालं. चुन्याची रेघ दगडापासून खाणीकडे गेली आणि विहीर त्या बाजूला राहिली. कागदावर सह्या झाल्या. मी केली नाही, तर तसा शेरा मारला. ना सैन्य, ना तोफ. ज्यांनी मोजलं आणि लिहून ठेवलं त्यांचं राज्य अजून चालू होतं. आम्ही त्यांच्या खुणेला देव केलं, पिढ्यान्‌पिढ्या दहीभात घातला आणि त्याच्याकडून काही लिहून घेतलं नाही. माझा तक्ता किती पोरकट होता ते मला त्या उन्हात कळलं.

मोजणीवाले गाडीकडे निघाले. चुलतभाऊ मागे थांबला. गाडीतून त्याने नारळ आणला होता. चपला काढून तो दगडापाशी गेला, नारळ ठेवला, डोकं टेकलं. राखणदाराचा कोप होऊ नये म्हणून. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

आईने मात्र नारळ उचलला, फोडला आणि सवयीने त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

त्याने तोंडात टाकलं आणि चावता चावता हसून म्हणाला, "इथे आणला त्या दिवशी गूळपण दिला होतात, काकी."

 त्याचं चावणं थांबलं.

"आठवतं की रे तुला," आई म्हणाली.

मी धावत सुटले. अनवाणी, तापल्या कातळावरून, हात हलवत, "थांबा, थांबा" ओरडत. गाडीने वळण घेतलं. मी वळणापर्यंत गेले, तिथून घाटीपर्यंत. धूळ खाली बसली तरी मी उभी होते.

परत आले तेव्हा तो अजून तिथेच होता, खाली मान घालून. संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली होती. आई कळशी कमरेवर घेऊन चुन्याच्या रेघेपाशी आली आणि अलीकडेच थांबली.

"बाबा," तिने त्याला विचारलं, "दोन कळशा काढू का रे?"