सायकल हातात धरून

रेल्वेचं फाटक बंद असलं तरी अण्णा सायकलची घंटी दोनदा वाजवायचेच. पुढची माणसं वैतागून मागं बघायची. मग ते हसून म्हणायचे, "तुम्हाला नाही हो. फाटकाला कळवलं, आलोय म्हणून."

त्यांना सायकलवर बसलेलं मात्र मी कधी पाहिलं नाही. उजवा गुडघा कामातून गेला होता. दाजीबानपेठेतल्या कापडाच्या दुकानात उभ्यानं जन्म गेला, गुडघा तिथंच ठेवून आलो, असं ते सांगायचे. काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो, हे त्यांचं ठाम मत. म्हणून हँडलवर भार टाकून, सायकल हातात धरून चालायचे. हँडलला एक डबा. रुळांपलीकडे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. आईमागं तिनंच त्यांना वाढवलं. रोज दुपारी अक्काला जेवू घालून यायचं, हे त्यांचं काम.

मी तेव्हा हुबळीत नवा होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पोरगा शहरात रस्ते बांधतो, असं वडील गावभर सांगायचे. प्रत्यक्षात फाटकाच्या जागी पूल व्हायचा होता, त्याच्या पाहणीसाठी मी फाटकाजवळ स्टुलावर बसून कोण चालत जातं, कोण सायकलवर, फुटपाथ कुठं संपतो, गटारावरची फरशी कुठं फुटलीय, हे कागदावर टिपायचो. ऊन चढलं की अण्णा मला रसवंतीच्या सावलीत बसायला लावायचे.

एकदा मी त्यांनाच विचारलं, "अण्णा, तुम्हाला कुठल्या रकान्यात लिहू? पादचारी की सायकलस्वार?"

"तूच बघ, तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं ते म्हणाले. "शिकलेला तू."

पाय जमिनीवर होते, म्हणून मी पादचारी लिहिलं. खाली शेऱ्यातही लिहिलं: गुडघा अधू, सायकलच्या आधारानं चालतात, जिना चढता येणार नाही. अहवाल छापून आला तेव्हा त्यात आकडे होते, शेरे नव्हते. मी साहेबांना सांगितलं. ते वाईट नव्हते. एका माणसासाठी आराखडा बदलत नाही, एवढंच म्हणाले.

फाटक कायमचं बंद झालं. तिथं भिंत आली आणि पादचाऱ्यांसाठी वरून पूल. दोन्हीकडे नुसता जिना.

पहिल्या दिवशी मी अण्णांना धरून चढवू लागलो. चौथ्या पायरीवर गुडघ्यानं दगा दिला. आम्ही दोघं तिथंच बसलो. "चांगला केलाय रे पूल," ते म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर रविवारी तेवढं शेजारी त्यांना रिक्षानं लांबून नेऊन आणायचे. इतर दिवशी ते जिन्याखाली उभे राहून जाणाऱ्यायेणाऱ्याच्या हाती डबा द्यायचे. कॉलेजच्या मुली, गवंडी, कुणीही. पिवळ्या दाराचं घर, हाक नको मारू, ऐकू येत नाही, सरळ आत जा. डबा पोचायचा. पण अक्का जेवली का, हे सांगायला त्या वाटेनं कुणी परत येत नसे. फोनवर तिला ऐकू यायचं नाही. जिना उतरणाऱ्या प्रत्येकाला ते कन्नडमधून विचारायचे, आमची अक्का जेवली का. लोक मान हलवून निघून जायचे.

माझी बदली ठरली. जायच्या आदल्या दिवशी डबा मी नेला. अक्का खाटेवर बसली होती. माझ्या मागं कुणी येतंय का, ते बघत राहिली.

"रोज यायचा. आता रविवारचा पाहुणा झालाय," ती म्हणाली. "माझं काही चुकलं का रे?"

मी हातवारे करून पूल दाखवला, गुडघा दाखवला, कागदावर लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं डबा न उघडता उशाशी ठेवला. तो आला की जेवीन, म्हणाली.

मी जिना उतरलो तेव्हा अण्णा मान वर करून उभे होते.

"जेवली?"

"जेवल्या," मी म्हणालो. "पोटभर."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, रिकामा डबा कुठं आहे हे विचारायचंही विसरले, आणि सायकल वळवून सावकाश निघून गेले.