वाळूवरचे आकडे

मार्चमधल्या तिसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, बालवाडीच्या पालकसभेत मला कळलं की माझी साडेचार वर्षांची मुलगी चार महिने तळेगावच्या एका शिकवणीला जात होती. घरात हे तिघांना माहीत होतं. नवऱ्याला, सासूबाईंना आणि मुलीला.

बालवाडी वडगावबाहेर एका शेतकऱ्याच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. तिथे फळा नव्हता, पाटी नव्हती. बुटक्या मांडणीवर कामं ठेवलेली असत. निवडायला तांदूळ, सोलायला वालाच्या शेंगा, गोणपाट शिवायला बोथट सुई, वाळूचं ताट, पाण्याचे तांबे आणि बाटल्या. मुलाने हवं ते काम उचलायचं, हवा तितका वेळ करायचं आणि परत जागेवर ठेवायचं. चुकलं, असं मोठ्यांनी म्हणायचं नाही. माझ्या मुलीने पहिले दोन आठवडे फक्त तांब्यातून बाटलीत पाणी ओतलं. सांडलेलं स्वतः पुसलं. तिसऱ्या आठवड्यात ती कोपऱ्यातलं नरसाळं शोधून घेऊन आली. बाईंनी शाबासकी दिली नाही, तिनेही कोणाकडे पाहिलं नाही.

प्रवेशाच्या वेळी बाई एकच कबुली घेत. मूल स्वतः मागेपर्यंत घरी लिहायला बसवणार नाही आणि शिकवणी लावणार नाही. त्या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या होत्या.

महिन्यातून एकदा प्रत्येक पालकाची पाळी असे. कोपऱ्यातल्या स्टुलावर तासभर बसायचं, मध्ये बोलायचं नाही, दिसेल ते वहीत लिहायचं. मी पुण्यात वर्तमानपत्रात काम करते, त्यामुळे सगळ्यांची ती वही सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. जानेवारीच्या माझ्या पाळीला मुलीने वाळूच्या ताटात बोटाने एक ते वीस आकडे काढले. मी वेळ टाकून लिहिलं, 'कोणीही न शिकवता.' त्याच्या खालच्या ओळीत लिहिलं, 'प्रत्येक आकड्यानंतर बाईंच्या तोंडाकडे पाहते.' दोन्ही ओळी माझ्याच अक्षरात आहेत. पहिल्या ओळीची खातरजमा मी केली नव्हती. दुसरीचं कारण विचारलं नव्हतं.

बाईंनी मात्र विचारलं. घरी काही चालू आहे का, असं त्यांनी त्याच दिवशी दारात मला थांबवून विचारलं. मी नाही म्हणाले. मी सकाळी मुलीला सोडून साडेनऊची गाडी पकडते आणि रात्री नऊला घरी येते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

मार्चची सभा नव्या पालकांसाठी होती. जुनी बरीच मुलं जूनमध्ये मोठ्या शाळेत जाणार होती. नवी दहा नावं आली नाहीत तर वर्ग चालवता येणार नाही, असं बाईंनी मला आधी सांगितलं होतं. आजूबाजूच्या सोसायट्यांमधल्या आणि गावातल्या लोकांचा एकच प्रश्न असे, पोरं इथे लिहायला कधी शिकणार? बाईंना त्यावर बोलण्यापेक्षा वहीतलं वाचून दाखवणं बरं वाटलं. वाचायला त्यांनी मला उभं केलं.

मी मुलीच्या नाव-आडनावासह जानेवारीचं पान वाचलं. पुढच्या रांगेत धोतर-टोपीतले एक आबा होते. धाकट्या नातवाचं नाव घालायला आले होते. मी थांबले तसे ते म्हणाले, "अवो ताई, तुमची पोर तर आमच्या थोरल्या नातीशेजारी बसती की क्लासात."

कुठल्या क्लासात, असं मी विचारलं.

"तळेगावात. ठेसनाच्या पल्याड. मी रोज नातीला सोडाया जातो न्हव का. तिचे पप्पा गाडीवरनं आणत्यात तिला. आकडे तितं गिरवून घेत्यात, लय कडक हाय ती मॅडम. हितं कुटं शिकली?"

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. मागून कोणाची तरी आई म्हणाली, "पेपरवाल्यांचं असंच असतंय व्हय?" आणि चार-पाच जण हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातली वही घेतली, मिटली आणि पाणी कोणाला हवं का, असं सभेला विचारलं.

नवऱ्याची त्या आठवड्यात कारखान्यात पहिली पाळी होती. तो साडेतीनला घरी आला. मी विचारल्यावर त्याने नाकारलं नाही. नोव्हेंबरपासून, आठवड्यातून पाच दिवस, साडेचार ते साडेपाच. त्याची दुसरी पाळी असेल तेव्हा सासूबाई रिक्षाने नेत. वह्या स्कूटरच्या डिकीत असत. तळेगावच्या शाळेत प्रवेशाच्या वेळी मुलांना लिहायला लावतात, असं त्याच्या खात्यातल्या एकाने त्याला सांगितलं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?" तो म्हणाला.

मी नाही म्हणाले.

"मग?"

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. पोरीला कोणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दोन आकडे शिकली तर बिघडलं काय, असं त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. कागदावरच्या सहीचं मी बोलले. सही त्यांची नव्हती, हे त्यांनी दाखवून दिलं.

मुलगी त्यांच्या शेजारी बसून लसूण सोलत होती. मला का सांगितलं नाहीस, असं मी तिला विचारलं.

"आजी म्हणाली, आईला नको सांगू, आई बाईंना सांगेल." पाकळी वाटीत टाकून ती पुढे म्हणाली, "मी एकदापण नाही सांगितलं."

काम पूर्ण झालं की बालवाडीत ती ज्या आवाजात 'झालं' म्हणायची, तोच आवाज होता.

सोमवारी मी बाईंना भेटले. झालं ते क्रमाने सांगितलं. मला माहीत नव्हतं, हेही सांगितलं. त्या तांदळातले खडे वेगळे करत होत्या. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मी जानेवारीत विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी विचाराल असं मला वाटलं."

पुढच्या पाळ्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. मुलगी एप्रिलअखेरपर्यंत बालवाडीत जात राहिली. शेवटच्या महिन्यात तिने वाळूचं ताट किती वेळा घेतलं, मला माहीत नाही. तळेगावच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला. त्या मुलाखतीत तिला काहीही लिहायला लावलं नाही. नाव, आवडती भाजी आणि गाईचा रंग विचारला. हे नवऱ्याने सांगितलं, तो तिच्याबरोबर आत होता.

जूनच्या पहिल्या सोमवारी बालवाडीत चार नवी मुलं आली. त्या शनिवारी बाईंनी पालकांना फोन करून वर्ग बंद केल्याचं कळवलं. मला फोन आला नाही. बाजारात आबा भेटले, त्यांनी सांगितलं. त्यांच्या नातवाचं नाव त्या चौघांत होतं.

रविवारी सकाळी मी जाऊन पाहिलं. शेडला कुलूप होतं.