दीड मीटरची लाट

सोलापुरात निवृत्त शिपायाला मेजर म्हणतात. मीही मेजर. हुद्दा नाविकाचा, पेन्शन नाविकाची, पण टेंभुर्णीपासून अक्कलकोटपर्यंत मला दुसरं नाव नाही. आणि मेजर म्हटलं की लाट तीन मजली असावीच लागते. बारा वर्षं मी ती तशीच सांगत आलो. एका लग्नात जेवणाची पंगत बसायला उशीर होता, तेव्हा तिच्यावर गच्चीही चढवली.

इथं मात्र घडलं तेवढंच लिहितो.

पोस्टिंग कोकण किनाऱ्यावर, गस्तीच्या बोटीवर. बोट सोळा मीटर, इंजिनं दोन, माणसं पाच. प्रमुख नायर साहेब. इंजिनवर दोघं पंजाबी. डेकवर शरणप्पा आणि मी. शरणप्पा अक्कलकोट तालुक्यातला. घरात कानडी, बाजारात मराठी. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला तम्मा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. दिवसभर हिंदी बोलून जीभ आंबली की आम्ही मागच्या डेकवर जाऊन गावाकडच्या बोलीत भांडायचो.

उजनीच्या पाण्यात मगरीच्या पाठीवर बसून मी पोहायला शिकलो, असं मी मेसमध्ये सांगून ठेवलं होतं. शरणप्पानं शांतपणे विचारलं, "मगर कुटली रे, टेंभुर्णीची का माढ्याची?"

"माढ्याची."

"मग आसंल. माढ्याची मगर गरीब."

माझा बाप अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला होता. शाळा सुटली की मी तिथं तुटलेले धागे जोडायचो. विणकराची गाठ चिमटीत बसते, तीन सेकंदांत. शेपूट जवळून कापायचं, नाहीतर ते फणीत अडकतं. ट्रेनिंगला गेलो तर दोन दोर जोडायची गाठ हीच निघाली. फरक दोनच. दोराला वेढा डबल द्यायचा आणि शेपूट वीतभर ठेवायचं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी पाठ थोपटली. तेव्हापासून बोटीवर गाठ मारायची झाली की ती मीच मारायची.

त्या दिवशी ०५४० वाजता निघालो. नेहमीची गस्त. ०७०० ला चहा. ०८३० ला दोन मच्छीमार बोटींचे कागद तपासले. ०९२५ ला बोटीला खालून हिसका बसला आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कुणीतरी टाकून दिलेलं नायलॉनचं जाळं पाण्याखाली तरंगत होतं. दोन्ही प्रॉपेलर त्यात गुंडाळले गेले होते.

वारा किनाऱ्याकडं. किनारा म्हणजे नुसता खडक. नांगर टाकला, तळ दगडी, नांगर घसरत राहिला. दुसरा नांगर सोडला. लांबीचा सगळा दोर त्यालाच गेला. नायर साहेब रेडिओवर होते.

"दोन्ही प्रॉपेलर जाळ्यात. नांगर धरत नाही. ओव्हर."

"मदत निघाली. एक तास वीस मिनिटं. ओव्हर."

साहेबांनी खडकाकडं बघितलं. "अपने पास चालीस मिनट हैं."

कुणीतरी खाली जाऊन जाळं कापायचं होतं. शरणप्पानं विचारण्याआधीच बूट काढले. लाइफ जॅकेटही काढलं, कारण ते अंगात असलं की बुडी मारता येत नाही. म्हणजे त्याचा सगळा जीव कमरेच्या दोरीवर. शिल्लक राहिलेली दोरी आखूड होती. तिला फेकायची बारीक दोरी जोडायची होती.

मी जोडली. तीन सेकंद. हातानं वेढा एकच दिला. चाकू जवळच होता, शेपूट कापलं. दोन बोटं उरलं असेल.

"तम्मा, बघायचं का येकदा?" शरणप्पा म्हणाला.

"माझी गाठ हाय, अण्णा."

"मग बास की."

०९४८ ला तो पाण्यात उतरला. बुडी मारायचा, मिनिटभरानं वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. बोट वर उचलली की दोरी ताठ, खाली बसली की ढिली. पुन्हा ताठ, पुन्हा ढिली. मागावरचा धागा सतत ताणात असतो. ताणात ती गाठ घट्ट होत जाते. ढिलाईत ती काय करते, हे मागावर बघायला मिळत नाही.

१०१२ ला बोटीच्या तळावर दोन ठोके पडले. त्याची खूण: एक प्रॉपेलर मोकळा.

"खींचो," साहेब म्हणाले.

मी ओढली. दोरी हलकी आली.

तुटलेल्या दोरीचं टोक पिंजारतं. हे टोक शाबूत होतं, जरासं वळलेलं. साहेबांनी ते बघितलं.

खाली माणूस असताना प्रॉपेलर फिरवता येत नाही. आम्ही थांबलो. मग खडकाच्या बाजूला तीसेक मीटरवर डोकं दिसलं. एकदाच. इंजिन सुरू केलं, त्याच्याकडं वळलो. पुढं पाणी उथळ होतं, बोट नेता येईना. त्यानं मोकळ्या केलेल्या प्रॉपेलरवर आम्ही खडकापासून सुटलो आणि तो सापडला नाही. १३४० ला एका मच्छीमार बोटीनं त्याला बाहेर काढलं.

चौकशीत विचारलं, "गाठ सुटली की दोरी तुटली?"

मी म्हणालो, "दोरी."

जन्मभर मी पोतीच्या पोती थापा मारल्या. ही सर्वांत लहान.

त्याची सामानाची पेटी घेऊन मी त्याच्या गावी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. त्यांना मी खरं सांगितलं. त्यांनी पेटी जवळ ओढली. मग म्हणाले, "कागदावर काय लिवलंय?"

"दोरी तुटली म्हणून."

"तसंच ऱ्हाऊ दे. पोरगी लहान हाय. बापाची गाठ चुकीची बांधली हुती म्हनून तिला कळायला नगं. समुद्र मोटा हुता म्हनून सांग. तू बोलायला लई हुशार, शरणू म्हनत हुता. मोटा करून सांग."

मग मी मोठा केला. दर वर्षी थोडा. माझ्या युनिटमध्ये पुढची सहा वर्षं तम्मा म्हणणारं कुणी नव्हतं. घरी परतलो तर सगळे मेजर म्हणायला लागले. माझ्या तोंडून खरं ऐकलेलं एकच माणूस होतं, शरणप्पाचे वडील, आणि आम्ही दोघं भेटलो की पावसापाण्याचं बोलायचो. यंदा तेही गेले.

गेल्या महिन्यात शरणप्पाची मुलगी अक्षता घरी आली. सोलापुरात नर्सिंग शिकते. हातात चौकशीचा कागद.

"आजोबांच्या ट्रंकेत सापडला, काका. यात लाट दीड मीटर लिवलीय."

"हां."

"तुमी तीन मजली सांगता."

मी चहा पुढं केला.

"दीड मीटरनं येवढी दोरी तुटत न्हाय. मी विचारून आले."

मी सांगितलं. गाठ, वेढा, शेपूट, सगळं. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं.

"आजोबांना ठाऊक हुतं?"

"व्हय."

चहा निवून गेला. उठताना ती म्हणाली, "लिवून द्या. जसं झालं तसं."

म्हणून लिहिलं. नाविक शरणप्पा, वय चौतीस. एक चाकू घेऊन चोवीस मिनिटांत एक प्रॉपेलर मोकळा केला. समुद्र साधा होता. बोटीत आम्ही चौघं होतो. चौघंही अजून आहोत.